काचेवरचा हात

योगिनी आणि सलील सँडीफोर्डहून सुट्टीसाठी वेक्सफर्डच्या एका निवांत किनाऱ्यावर आले. भाड्याच्या कॅराव्हॅनच्या खिडकीवर कुणाच्या तरी हाताचा ओला ठसा होता.

योगिनीने तो आतून पुसला, पण गेला नाही. सलीलने बाहेरून पुसला, तरी तसाच.

ती तणतणत मालकीण मॉरीनबाईंना घेऊन आली. “पाहुणे येण्याआधी काचा पुसायची पद्धत नाही का तुमच्याकडे?”

“दोन काचांच्या मधे ओल धरते हो. उन्हाने जाईल, सगळं ठीक, ग्रँड होईल,” मॉरीन शांतपणे म्हणाल्या.

“ओलीला पाच बोटं असतात?” योगिनी भडकली. “हे बघा.” दाखवायला तिने आपला तळवा नेमका त्या ठशावर टेकवला.

काचांच्या मधली पाचही बोटं सावकाश मिटली, आणि योगिनीला हात मागे घेता येईना.