जीनची पॅन्ट

ट्रॅक्टर सुरूच होता. पुढच्या ट्रॉलीत पाच महिन्यांच्या मुक्कामासाठी पत्रे, बांबू, भांडी, दाण्यांची पोती चढली होती. मागच्या ट्रॉलीत माणसं चढत होती. सत्यशीला घराला कुलूप लावून बाहेर आली आणि सगळ्यांची बोलणी थांबली.

तिनं जीनची पॅन्ट घातली होती. वर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट. डोक्याला रुमाल.

टोळीचा मुकादम आसाराम कागद धरून नावं वाचत होता. त्यानं पाहिलं तिच्याकडं, पण बोलला तिच्या नवऱ्याशी.

"अंगद, हे काय सोंग काढलंय? ऊस तोडाय चाललोय का जत्रंला?"

गड्यांत हशा पिकला. अंगदही खाली बघून हसला. मुकादमाच्या बोलण्यापेक्षा सत्यशीलेला ते हसणं जास्त लागलं.

पॅन्ट तिनं घरीच शिवली होती. जामखेडच्या दुकानात तीन घालून बघितल्या. मांडीत बसणारी कमरेला मूठ जाईल एवढी ढिली, आणि कमरेत बसेल अशी मांडीच्या वर सरकेना. मग तिनं अंगदची फाटकी पॅन्ट ब्लेडनं उसवली, एकेक तुकडा वर्तमानपत्रावर मांडून आखला, आपल्या अंगाप्रमाणं कमीजास्त केला आणि त्यावरून जीनचं नवं कापड कापलं. वाकल्यावर पाठ उघडी पडू नये म्हणून मागून कंबर चार बोटं वर घेतली. उकिडवं बसता यावं म्हणून दोन पायांच्या मधे जोड दिला. कोयत्याला धार लावायची कानस मावेल एवढा खोल खिसा ठेवला. कापडाचे चार पदर जिथं एकत्र येत होते, तिथं मशीनच्या तीन सुया मोडल्या. शेवटी ती शिवण तिनं दाभणानं, हातानंच घातली.

हे सगळं अंगदच्या डोळ्यांसमोर झालं होतं. गेल्या साली कोपरगावकडं ऊस तोडताना दवानं भिजलेलं लुगडं मांड्यांना चिकटायचं आणि पाचटानं कापलेलं खाली दिवसभर चरचरायचं, तेही त्याला माहीत होतं. पॅन्ट तयार झाली तेव्हा "झकास बसलीय" असं तोच म्हणाला होता. घरात, दार लावलेलं असताना.

"तिला म्हनावं, लुगडं नेसून ये," आसाराम म्हणाला. "तिकडं धा गावच्या टोळ्या असत्यात. आपल्या गावाला नावं ठिवतील."

अंगद तिच्याजवळ आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "नेस की. कशाला तमाशा? तिकडं गेल्यावर घाल, पायजे तर."

"तिकडं गेल्यावरबी तुमी हेच म्हननार."

"समदी थांबलीत, सत्यशीले."

"थांबू द्या."

ट्रॉलीत वस्तीवरच्या बाया बसल्या होत्या. नेहमी तिच्याकडून ब्लाऊज शिवून नेणाऱ्या. आता सगळ्या दुसरीकडं बघत होत्या. शेजारची भिमाबाई तर मान खाली घालून पदराचा काठ चाचपत बसली होती.

सत्यशीलेची कानशिलं तापली. तिनं ट्रॉलीत हात घालून आपलं गाठोडं ओढलं आणि खाली आपटलं. धूळ उडाली.

"तुमी जा. मी न्हाई येत."

"म्हंजी?" अंगदचा चेहरा उतरला.

"म्हंजी एकट्यानं तोडा, एकट्यानं मोळ्या बांधा, एकट्यानं डोक्यावर घिऊन गाडी भरा. तुमच्या मुकादमाला जीन घातलेली बाई चालत न्हाई. बिनबाईचा गडी चालतोय का, तेवढं इचारा त्याला."

आता कुणी हसलं नाही. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नुसता गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि गाडी निघायच्या वेळी अर्धा कोयता कुठल्याच मुकादमाला नको असतो.

आसारामनं हातातल्या कागदाकडं पाहिलं. मग पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलला.

"सत्यशीलाबाई, ऐन टायमाला असं कुटं असतंय व्हय? बसा तुमी. आपन वाटंनं बोलू."

"वाटंनं कशाला? हितंच बोला. मघा बोललात तसं, समद्यांम्होरं."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "गप ए!" आसाराम त्याच्यावर खेकसला. मग तोंड दुसरीकडं फिरवून म्हणाला, "घालायचं ते घाला. आपल्याला ऊस तुटल्याशी मतलब."

अंगदनं गाठोडं उचलायला हात घातला.

"ठिवा खाली."

त्यानं ठेवलं. तिनं ते स्वतः उचलून ट्रॉलीत टाकलं, चाकावर पाय दिला आणि कुणाचा हात न धरता एका दमात वर चढली. शिवण हलली नाही.

ट्रॅक्टर निघाला. वस्ती मागं पडली, डांबरी सडक लागली, तरी सत्यशीलेचे दात आवळलेलेच होते. भिमाबाई सरकत सरकत तिच्याजवळ आली. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "झालं न्हवं तुज्या मनासारखं? आता सोड की राग."

सत्यशीलेनं तिच्याकडं नीट पाहिलं.

"कसा सोडू, मावशे?" ती म्हणाली. "अजून पाच म्हैने पुरवायचाय."