पहिल्या रांगेत दादा

जिन्यावर पावलं वाजली तसा धाकट्याने घाईघाईने एसी लावला. कोणी आलंच, तर हॉल गार असलेला बरा. पण दारात दादा उभा होता.

थोड्या वेळाने धाकटा स्वतःच दादाच्या शिवणकामाच्या दुकानात जायला निघणार होता. काय बोलायचं तेही सकाळपासून घोकून झालं होतं. 'दादा, मला परत दुकानात घे. कापड कापायला बसतो, काजंबटणं करतो, काहीही दे.'

बाजारात सगळे धाकट्याला कोचसाहेब म्हणत. छोट्या दुकानदारांना तो धंदा वाढवायला शिकवायचा. दादाच्या दुकानामागच्या खोलीत शिकवणी सुरू केली, तेव्हा बाकांवर जागा पुरत नसे. मग त्याला वाटलं, आपणच वाढलो नाही तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार? राहतं घर गहाण टाकून त्याने हमरस्त्यावर हा हॉल भाड्याने घेतला. काचेचा दरवाजा, गुबगुबीत खुर्च्या, फी तिप्पट. जुने किराणावाले, सलूनवाले तो दरवाजा ढकलायलाच बिचकले. खालूनच वर बघून निघून जायचे. कर्जाचे हप्ते थकले, भाडं थकलं. काल हॉलच्या मालकाने किल्ल्या मागितल्या.

"दादा, फोन तरी करायचास."

"फोन कशाला? शिकायला आलोय." दादा पहिल्या रांगेत, खुर्चीच्या अगदी कडेला बसला. हसत होता. दादा असा हसल्याचं धाकट्याला आठवेना. आहे ते सांभाळावं, यापलीकडे या माणसाचा विचार कधी गेला नव्हता. हॉल घेतला तेव्हा त्याने कितीतरी दिवस अबोला धरला होता.

"दादा, मला जरा तुझ्याशी…"

"आधी माझं ऐक. तू मोबाइलवर भाषणं टाकतोस ना, ती मी रोज मशीन चालवताना ऐकतो. तुझ्या वहिनीचे कान किटले. परतीची वाट ठेवली की माणूस पुढे जातच नाही, म्हणतोस. पटलं मला. दुकान विकलं."

"भाड्याने दिलंस?"

"विकलं रे! मशिनींसकट. आता तयार कपड्यांचा कारखाना. नव्या यंत्रांचे पैसे भरूनही टाकले. परत मिळत नाहीत म्हणे. म्हटलं, तेच बरं."

एसी घरघरत राहिला. ते परतीच्या वाटेचं वाक्य धाकट्यानेच आरशासमोर बसवलं होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं ठरवून. त्यावर हमखास टाळ्या पडायच्या. ते कोणी खरंच घरी घेऊन जाईल, असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"वहिनी काय म्हणाली?" त्याने कसंबसं विचारलं.

"रडली. म्हटलं, अगं, त्याने घर गहाण टाकलं, तो काय वेडा आहे?" दादा स्वतःच्याच बोलण्यावर हसला. मग पुढे वाकून, आवाज खाली आणून म्हणाला, "पण खरं सांग. हे सगळं घेताना तुला भीती नव्हती ना वाटली?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. परक्यांना त्याने कितीदा तरी तसं सांगितलं होतं. पण समोर दादा होता. केस पांढरे झालेला, बोटांना सुईचे घट्टे पडलेला. धाकटा त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

"वाटली होती, दादा. अजून वाटते. हा हॉल जातोय. मी आज तुझ्याकडेच येणार होतो. दुकानात काम दे म्हणायला."

दादाच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते थोडं थोडं उतरत गेलं. त्याने वळून मागच्या रिकाम्या रांगांकडे पाहिलं. मग धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं,

"मग आता आपल्या दोघांना कामावर कोण घेईल रे?"