जीपची तोटी

शालनचं लग्न ठरलं ते पासष्ट साल. त्या चैत्रात तिचा बाप बाजीराव आणि मामा नथू, वराळ्यात घरापुढे उभ्या असलेल्या जीपखाली शेजारी शेजारी उताणे पडून भांडत होते.

भांडण इंजिनाचं तेल बदलण्यावरून होतं. बाजीराव पूर्वी लष्करात ड्रायव्हर होता. जीप त्याने लिलावात घेतलेली, आणि तिचं तेल तो घरीच बदलायचा. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचं बूच पान्याने सैल करायचं, शेवटचे आटे बोटांनी सोडवायचे आणि गरम तेल बाहीत शिरायच्या आत हात मागे घ्यायचा. हात कधीच वेळेवर मागे यायचा नाही. नथू लोणावळ्याला ट्रकच्या गॅरेजात कामाला होता. त्याने यावर उपाय आणला होता. बुचाच्या जागी बसणारी पितळी तोटी. मूठ फिरवली की तेल खाली, उलटी फिरवली की बंद.

"दाजी, पाना नको, वायसर नको, अंगावर तेल नको."

"आन् खालनं धोंडा लागला मंजी? तोटी उघडंल, तेल सांडंल, इंजान जाम. बूच कसं, आपलं गप बसून ऱ्हातं."

"लोणावळ्यात आता समदे हेच लावत्यात."

"लोणावळ्यात लोक धुकं बघाया पैसं देत्यात. त्यांचं मला नगं सांगू."

"बाही धुती कोन?" बाजीरावची बायको भागुबाई दारातून म्हणाली. "तोटी लावा." तिचं कोणी ऐकलं नाही.

पलीकडे बैलगाडीच्या साट्यावर बाजीरावचे वडील, भिकाजी आबा, पाठ करून बसले होते. ते आठ दिवस मुलाशी बोलत नव्हते. या घरातली प्रत्येक लेक त्यांच्या बैलगाडीतून लग्नाला गेली होती. शालन शेवटची. पण बाजीरावने सांगून टाकलं होतं, पोर सुदुंबऱ्याला जाईल ती जीपमधून. "तुमची गाडी लय करकरती, आबा. आपुन निघालो की तितं सुदुंबऱ्यात पावण्यांना कळंल. हसतील लोक." वर त्याने चाकांच्या आखाला लावायला जीपचं काळं, जळकं तेल देऊ केलं होतं. आबा म्हणाले होते, "जीपचं उष्टं माज्या गाडीला लावायचं न्हाई." बोलणं थांबलं ते तिथेच.

"आबा, तुमीच सांगा," नथूने जीपखालून हाक मारली. "बूच का तोटी?"

आबा उठले, जीपपाशी आले आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकले.

"पाना लागत न्हाई म्हंतोस?"

"न्हाई."

"मंजी कुनालाबी उघडता यील?"

"म्हाताऱ्या मानसालाबी, आबा. अंधारातबी."

"मग तोटीच बसवा," आबा म्हणाले आणि परत जाऊन बसले.

वडिलांचा शब्द मोडता येईना. बाजीरावने तोंड वाकडं करून बूच खिशात टाकलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने जीप धुतली, नवं तेल भरलं आणि बॉनेटवर झेंडूची माळ बांधली. लग्नाच्या सकाळी निघायच्या वेळी, जुन्या सवयीने, चावी फिरवण्याआधी तेल मोजायची पट्टी ओढून बघितली. पट्टी कोरडी. त्याने ती पुसून पुन्हा घातली. पुन्हा कोरडी.

नथू नव्या कपड्यांनिशी जीपखाली शिरला. "तोटी घट्ट बंद हाय, दाजी. खाली थेंब न्हाई."

"मग काय इंजान पिऊन बसलं?"

तळेगावची दुकानं अजून उघडली नव्हती. सुदुंबऱ्यात पाहुणे वाट बघत होते. शालन ट्रंकेवर बसून रडायच्या बेतात होती.

"चल गं, शालन," आबांचा आवाज आला. ते बैलांचे कासरे धरून उभे होते. बैलांच्या पाठीवर झुली होत्या, शिंगांना रंग होता, गाडीत कडबा आणि त्यावर सतरंजी. "बैलं कवाची उभी हायती."

शालन, भागुबाई आणि बायका गाडीत बसल्या. बाजीराव आणि नथू मान खाली घालून मागून चालले. इंद्रायणीचा पूल आला. पुलावर बाजीरावला नदीचा आवाज ऐकू आला, बैलांच्या घुंगरांचा आला, बायकांच्या बांगड्यांचासुद्धा आला. मग तो दचकला. त्याने झपाझप पुढे होऊन चाकाच्या तुंब्याशी, आख शिरतो तिथे, बोट लावलं. बोटावर मधासारखं, पिवळं, नवं कोरं तेल.

त्याने वर बघितलं. आबांनी मान वळवली नाही.

"उष्टं न्हाई ते," आबा म्हणाले.

"काय झालं, दाजी?" मागून नथूने विचारलं. "तोटी गळली काय?"

बाजीरावने बोट धोतराला पुसलं. "गळली असंल."

दुसऱ्या दिवशी आबांनी गाडीतल्या कडब्याखालून तेलाने भरलेली चरवी काढून बाजीरावपुढे ठेवली. "घे तुजं. मला आखापुरतंच पायजे व्हतं." त्या दिवसापासून बापलेक पुन्हा बोलायला लागले.

पुढे जीपचं तेल दर महिन्याला वाटीभर कमी व्हायचं आणि आबांची बैलगाडी गावातून बिनआवाजाची फिरायची. बाजीराव पट्टी बघायचा, वाटीभर नवं तेल ओतायचा आणि चावी फिरवायचा. नथू आला की छाती काढून विचारायचा, "दाजी, तोटी कशी हाय?"

"बरी हाय," बाजीराव म्हणायचा.

जुनं बूच घरात खुंटीला टांगलेलं होतं. ते त्याने पुन्हा जीपला बसवलं अडुसष्ट साली. भिकाजी आबा त्या वर्षीच्या माघात वारले.