खिडकीतली गारगोटी

कापसाचा बोळा जांभळा झाला. म्हाताऱ्याने तो मुलीच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

मुलगी बॅग भरत होती. दुपारच्या गाडीने ती निघणार होती. तिने बोळ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. खिडकीतली जागा रिकामी होती.

"बाबा, डोळ्याच्या ऑपरेशनला आठच दिवस झालेत. डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून सांगितलंय ना?"

"आता नीट दिसतंय म्हणून तर कळलं. रंग खाचांमध्ये साचलाय."

गल्लीत सगळे त्याला गारगोटीकाका म्हणत. धुरकट, गुलाबी, पिवळ्या गारगोट्यांनी त्याची दोन कपाटं भरली होती. कुणी रंगीत दगड दाखवायला आणला की तो नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कापूस बुडवून त्यावर फिरवी. कापसाला रंग लागला की दगड परत देई. "छान आहे. कागदांवर ठेवा, उडणार नाहीत."

खिडकीतली जांभळी गारगोटी त्याची पहिली. लग्नानंतरच्या वर्षी बायकोबरोबर डोंगरात फिरताना त्याने ती खडकातून फोडून काढली होती. घाव जोरात बसला आणि बुडाचा एक टवका उडाला. "हा माझा," म्हणत बायकोने तो उचलला आणि कापसात गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवला. मोठी गारगोटी लाकडी बैठकीवर मेणाने चिकटवून त्याने खिडकीत मांडली. त्याला एकतीस वर्षं झाली.

जांभळी गारगोटी उन्हात फिकी पडते, हे त्याला ठाऊक होतं. मित्रांच्या पडल्या होत्या. त्याची पडली नाही. "अस्सल मालाला ऊन बाधत नाही," असं तो येईल त्याला ऐकवी. बायको तेव्हा काहीतरी काम काढून आत जाई. गारगोटी पुसायचं काम मात्र तिने कधी त्याला करू दिलं नाही. "तुम्ही पाडाल," म्हणायची.

तिला जाऊन सहा महिने झाले होते.

"काचेवर ओरखडा काढून बघितला," तो म्हणाला. "गारगोटी खरी आहे, रंग खोटा. खाली नुसती पाण्यासारखी. मी दवाखान्यात होतो तेव्हा घरात कोण होतं?"

"मी."

"आईची आठवण म्हणून द्या, द्या, असं महिनाभर माझ्या मागे कोण लागलं होतं?"

"मीच."

"आणि ही आईच्या डब्यात निघाली." त्याने जांभळ्या नेलपॉलिशची बाटली टेबलावर आपटली. "तिने जन्मात कधी नखं रंगवली नाहीत."

मुलगी बाटलीकडे बघत राहिली. मग तिने ती उचलून पर्समध्ये टाकली.

"माझी आहे."

"माझी गारगोटी कुठाय?"

"ते विचारू नका, बाबा. मी बदलली समजा."

"समजा?"

"बरं, बदलली."

"अगं, निदान फसवायला दुसरा माणूस तरी बघायचा! रंगवलेला दगड, तोही माझ्या घरात?" त्याचा आवाज चिरकला. "आईला काय वाटलं असतं?"

"वाईट वाटलं असतं," ती म्हणाली. "फार."

"पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

तिने बॅगेची चेन ओढली. औषधाची बाटली त्याच्या हाताशी सरकवली.

"दर चार तासांनी एक थेंब. स्वतः घालू नका, शेजारच्या काकूंना सांगितलंय."

दार हळूच लागलं.

 मग त्याने उरलेला रंग रगडून रगडून काढला. खोटी गारगोटी फेकायची, बैठकीवर बायकोचा टवका ठेवायचा, असं त्याने ठरवलं. तेवढा तरी खरा होता. शिवणाच्या डब्यातून त्याने कापसाची पुडी काढली. अंधारात राहिलेला टवका पहिल्या दिवसाइतकाच गर्द जांभळा होता.

त्याने सुरीने मेण खरवडलं. गारगोटी बैठकीवरून सुटून हातात आली. ती कचऱ्यात टाकण्याआधी त्याने सवयीने उलटी करून पाहिली. बुडाला एक खाच होती.

त्याने टवका खाचेला लावला. तो आत बसला. मध्ये केसाएवढीही फट उरली नाही.