हर्नियाचं सांगितलंय

"यात पाणी उलटं फिरू नये म्हणून व्हॉल्व्ह आहे का?" पंपमिस्त्रीनं विचारलं.

"आहे," डॉक्टर म्हणाले.

टेबलावरच्या ट्रेमध्ये नमुना होता. दोन लवचिक नळ्या, पाण्याची एक लहान पिशवी आणि मोठ्या द्राक्षाएवढा पंप. नळ्या लिंगात बसवायच्या, पिशवी ओटीपोटात, पंप अंडकोशात. पंप दाबत राहिलं की पिशवीतलं पाणी नळ्यांत जातं आणि त्या ताठ होतात. बाजूचं बटण दाबलं की पाणी परत पिशवीत. मिस्त्रीला हे पहिल्याच झटक्यात समजलं होतं. तरी तो विचारतच होता.

"गळती?"

"क्वचित. मग पुन्हा ऑपरेशन करून बदलायचं."

"किती वर्षं जातं?"

"दहा-पंधरा धरा."

"माझे पंप एवढे टिकत नाहीत." तो हसला. एकटाच. मग उठून खिडकीशी गेला, परत येऊन दुसऱ्याच खुर्चीत बसला.

डॉक्टरांनी संमतीचा कागद त्याच्या हातापासून दूर सरकवला. "गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शुगरनं नसा खराब केल्यात. आता हा उपाय चांगला आहे, पण एकदा बसवल्यावर मागे फिरता येत नाही. म्हणून बायकोशी बोलल्याशिवाय मी सही घेत नाही."

"ती बाहेर बसलीय."

"मग बोलवा."

"तिला हर्नियाचं सांगितलंय."

"ऑपरेशननंतर दीड महिन्यानं पंप चालवायला शिकवतो मी. दोघांनाही. तेव्हा काय सांगणार होता?"

"तुम्ही सही घ्या. तिला मी सांभाळून घेतो."

"तुम्ही सांभाळून घेतलंत म्हणूनच हर्निया झाला," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी घंटी दाबली.

ती आत आली. पर्स छातीशी धरलेली. नवऱ्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसावं की नाही, हे न कळून उभीच राहिली. मग तिला ट्रे दिसला.

"हर्नियाला एवढं सगळं लागतं?"

"सांगा," डॉक्टर मिस्त्रीला म्हणाले.

त्यानं सांगितलं. जमिनीकडे बघत, गिऱ्हाइकाला सांगावं तसं. नळी, पिशवी, व्हॉल्व्ह, बटण. कुठे काय बसतं तेही. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कशासाठी, ते राहिलं," ती म्हणाली.

मिस्त्रीनं तोंड उघडलं. "दोन वर्षं झाली," एवढंच आलं.

"दोन वर्षं झाली ते मला ठाऊक आहे. मला वाटत होतं, मी नकोशी झाले." ती डॉक्टरांकडे वळली, जणू तक्रार त्यांच्याकडेच नोंदवायची होती. "पंख्याचा आवाज होतो म्हणून हे बाहेरच्या खोलीत झोपायला गेले. मी त्याच आठवड्यात पंखा बदलून घेतला. घरात नवा पंखा आलाय, हे ह्यांना अजून माहीत नाही."

मिस्त्रीला खरंच माहीत नव्हतं.

तिनं पर्स खाली ठेवली आणि नमुना उचलला. पंप दाबला, पुन्हा दाबला. नळ्या हळूहळू ताठ झाल्या. आता सोडायचं कसं, हे तिला सापडेना. अंगठा भलतीकडेच जोर लावत होता.

"तिथं नाही," मिस्त्री म्हणाला. त्याचा हात पुढे झाला, मध्येच थांबला, मग तिच्या बोटांवर आला. "बाजूला बघ. दाबून धर. जोर नको." पाणी परतलं, नळ्या सैल पडल्या. त्यानं हात काढून घेतला आणि कुठे ठेवावा ते न सुचून टेबलावरचं पेन उचललं.

तिनं कागद त्याच्याकडे सरकवला. "करा सही. तारीख कधीची, डॉक्टर?"

"तीन आठवड्यांनी."

"तोवर काही पथ्य?"

"गोड बंद. शुगर खाली यायला हवी."

"ते बंदच आहे. मी झोपायचं विचारतेय. हे आतल्या खोलीत झोपले तर चालेल ना?"

"चालेल की."

मिस्त्री सही करत होता. नाव कुठपर्यंत लिहून झालं, हे त्याला दोनदा वाचून पाहावं लागलं.