शून्य किलोची मजुरी

“एवढी टिंबं काढण्यात माझे अर्धा किलो पापड लाटून झाले असते,” कमू रंजनाच्या कानाशी पुटपुटली.

रंजनाला हसू आलं नाही. खोडाळ्याच्या त्या बचतगटाची वही तीच लिहायची, आणि तिच्याच वहीतले आकडे गटातल्याच पुष्पलताच्या सुनेनं, प्रतिभानं, आलेखाच्या कागदावर मांडले होते. ठाण्याच्या दुकानदाराला नागलीच्या पापडांचा दर कळवायचा होता. त्याआधी काम असो-नसो होणारा खर्च आणि किलोमागे वाढणारा खर्च वेगळा काढायला हवा, असं प्रतिभाचं म्हणणं. जव्हारच्या कॉलेजात ती हेच शिकवते.

“आता ही लाटण्याची मजुरी. अकरा महिने, अकरा टिंबं. किलो वाढले की मजुरीही वाढते, अगदी जोडीनं. सहसंबंध पक्का.” टिंबांमधून काढलेली रेषा तिनं पट्टीनं मागं, शून्य किलोपर्यंत नेली. “मजुरी किलोवर असेल तर शून्य किलोला शून्य यायला हवी. इथं बाराशे येतात. एकही पापड लाटला नाही तरी महिन्याला बाराशे जातात. कुणाला?”

सगळ्या बायांच्या माना एकदम परातीवर गेल्या.

भिंतीला टेकून रामीआजी लाटत होती. बोटं वाकडी झालेली. पापड एका कडेला जाड, दुसरीकडे फाटका. तिचे पापड वर्षभर कुणी वजनात धरले नव्हते. ती घरी गेली की कोंबड्यांना जायचे. तिच्या मुठीत मात्र महिन्याला बाराशे पडायचे, मजुरी म्हणून. फुकटचा चहासुद्धा आजीला चालायचा नाही.

“लिहिताना चुकलं असेल,” रंजना म्हणाली.

“दर महिन्याला तेवढंच?”

पुष्पलतानं सुनेला डोळ्यांनी दटावलं. सून कागदाकडे बघत होती.

“काकी, वही तुमच्याकडेच असते ना?” प्रतिभानं हळूच विचारलं, म्हणून ते जास्त लागलं.

रंजनाचे कान तापले. नजर चुकूनही भिंतीकडे जाऊ नये म्हणून ती नखातलं पीठ कोरत बसली. ह्या बायांसमोर चोर ठरायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. तरी दुसरं नाव घेण्यापेक्षा तेच सोपं होतं.

“मीच घेतले,” ती म्हणाली.

“काय गं बाय!” कमूच्या तोंडून निघालं.

भिंतीकडचा लाटण्याचा आवाज थांबला.

“रंजना, खोटं बोलायला तुला कधी जमलं नाही,” रामीआजी म्हणाली. मग तिनं प्रतिभाकडे बघितलं. “पोरी, ते बाराशे माझे. माझा एक पापड विकला जात नाही. ह्यांना वाटतं, मला कळत नाही.”

तिनं वाकडी बोटं पदराखाली घेतली.

“दिवाळीपासून कळतंय मला. तरी दर महिन्याला हात पुढं केला.”