थेंबाचं बटण

"अप्पा, पोरगी गोरी करायला शाई जास्त लागते का कमी?"

पैज वर्गातल्या माया आणि स्वप्नालीची होती. दोघी स्टुडिओच्या पायरीवर तोंडात ओढणी कोंबून बसलेल्या. शिवांजली बापाला असलं काही विचारणारच नाही, असं त्यांनी धरलं होतं. पण दहावीत गेल्यापासून शिवांजली कुणालाही काहीही विचारायची.

त्रिंबकअप्पा हसले. "कमी लागते. कागद पांढराच असतोय की. जितकी शाई कमी, तितकी पोरगी गोरी."

"म्हंजे पोरीवाले खूश, पोरावालेबी खूश!" माया ओरडली.

"आन् आमचं कार्ट्रिज सगळ्यात खूश," शिवांजली म्हणाली.

गेवराईच्या स्टँडमागच्या गल्लीत रंगीत प्रिंटर असलेला हा एकच स्टुडिओ. स्थळाला पाठवायचे पोस्टकार्डाएवढे फोटो, हा इथला मोठा धंदा. रोल धुवायला बीडला पाठवायची भानगड संपली होती. नव्या कॅमेऱ्यातून फोटो कॉम्प्युटरात, तिथून थेट कागदावर. कॉम्प्युटर शिवांजलीच चालवायची. अप्पांनी माउसला हात लावला की बाण पडद्यावरून कुठंतरी पळूनच जायचा.

दुखणं एकच, शाई. कार्ट्रिज औरंगाबादहून यायचं आणि बघता बघता संपायचं.

"असंच चाललं तर मशीन परत," अप्पा म्हणाले होते. "कॉम्प्युटरसगट. आपला बीडचा रोलच बरा."

तेव्हापासून शिवांजली रोज उरलेली शाई बघायची. अकरावीला औरंगाबादला जाऊन कॉम्प्युटरच शिकणार, हे तिनं अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं होतं. आणि घरातलाच कॉम्प्युटर गेला तर?

मग तिनं कायदे केले. आधी साध्या कागदाच्या कोपऱ्यात बारका नमुना काढून रंग बघायचा, मगच चांगला कागद लावायचा. चार गिऱ्हाइकांचे फोटो साठवून एकदमच छापायचे. लाईट जायच्या वेळेला प्रिंटर सुरूच करायचा नाही. कारण लाईट परत आली की तो खर्रर्र करून घसा साफ करतो आणि शाई स्वतःच्याच पोटात थुंकतो.

"आन् हे थेंबाचं बटण, मशीनचा घसा साफ करायचं," तिनं बोट ठेवून बजावलं. "फोटोवर रेघा आल्या तरच दाबायचं. उगं धरून ठेवलं की खर्रर्र, शाई वाया. दाबतच राहिलं तर छापायला काही उरणारच न्हाई."

"कंचं बटण?" चहा घेऊन आलेली आई वाकून बघू लागली.

"हे. पर तू नको हात लावू."

"मला काय करायचंय बाई." आईनं कमरेचा फडका काढला आणि रोजच्यासारखा प्रिंटर पुसून घेतला.

पंचमीला अप्पांनी शिवांजलीचाच फोटो काढला. आईची डाळिंबी साडी, केसात गजरा. साडी नेसवताना आई एवढंच म्हणाली, "मी आठवीत व्हते, तवा माझाबी असाच काढलता."

"शोकेसला लावू," अप्पा म्हणाले. "स्टुडिओ आपला, मग पोरगी दुसऱ्याची कावून? पोस्टकार्डाएवढा काढ. जरा उजळ कर."

"तेवढीच शाई वाचंल," शिवांजली खुशीत म्हणाली.

पण फोटो निघाला तो चेहरा हिरवट, साडी निळसर. लाल शाई खतम! अर्धी शिल्लक होती की हो!

नवं कार्ट्रिज आलं. एका बारशाचे फोटो झकास निघाले, कुण्या मास्तरांचे पासपोर्टचे निघाले. "आता तुझा घे," अप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा शाई नाही.

"तूच कायतरी खेळ करतीस."

"अप्पा, शप्पत!"

"भूत पितंय गं," माया म्हणाली. "लाल शाई लई आवडती त्याला."

शिवांजलीला हसू आलं नाही. गणिताच्या तासाला सर फळ्यावर लिहायचे आणि तिला मात्र खर्रर्र ऐकू यायचं. कोण असेल? सापडू दे, त्याची बोटंच मोडते.

"हे शेवटचं," तिसरं कार्ट्रिज बसवताना अप्पा म्हणाले. "शनिवारी पहिला तुझाच फोटो. मग बाकीचं."

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी ती पळतच आली. दप्तर टाकलं, कॉम्प्युटर लावला. स्टुलावर सर्जेराव मामा बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन.

"चल शिवे, काढ लवकर. युसूफवडगावला जायचंय मला, गाडी चुकंल."

"तुमाला कशाला फोटो, मामा? शोकेस तर हितं हाय."

मामा अप्पांकडं बघायला लागले. अप्पा शोकेसची काच पुसायला लागले.

"नुसता फोटो मागितलाय गं," काचेकडं तोंड करूनच अप्पा म्हणाले. "घर चांगलं हाय. परीक्षा झाल्यावर बघू म्हणलेत."

शिवांजलीचा हात माउसवर तसाच राहिला. पडद्यावर डाळिंबी साडीतली पोरगी. उजळ. तिनंच उजळ केलेली. पोस्टकार्डाएवढी.

खर्रर्र.

"लाईट तर गेली न्हाई," अप्पा पाठमोरेच ओरडले. "मग ह्यो खोकतोय कावून?"

कॉम्प्युटरच्या आड आई प्रिंटर पुसत होती. फडका एकाच जागी थांबलेला. फडक्याखाली अंगठा, थेंबाच्या बटणावर घट्ट रुतलेला. आईनं मान वर केली नाही. खर्रर्र थांबलं, अंगठा उचलला, आणि परत टेकला.

शिवांजली माउस सोडून उठली.

"अप्पा, आई, मी ठरवलंय," ती म्हणाली. "आजपासून मशीन मी बघणार न्हाई. शाई आईनंच सांभाळायची."